प्रयोगशाळेतला खांब आणि भोरच्या रस्त्यावरचा वड

पाच तारे मिळालेली गाडी समोरून झाडावर आदळली, तर आतली माणसं वाचतील का? शोरूममध्ये गाडी बघायला गेलेला कुणीही हा प्रश्न विचारेल. पण तारे देणाऱ्या चाचणीत हा प्रश्न विचारलेलाच नाही. आणि ज्या शोधनिबंधांत तो विचारलेला असतो, त्यांतल्या बऱ्याच जणांचं उत्तर आपल्या रस्त्यांवर जसंच्या तसं उतरत नाही. आज या दोन्हींची, चाचणीची आणि शोधनिबंधांची, जरा कडक तपासणी करू. तुम्ही एम.टेक.चा प्रबंध किंवा पीएचडीचा विषय शोधत असाल, तर 'खांबावर समोरून धडक' हा विषय तुमच्यासमोर येण्याची शक्यता बरीच आहे. येण्याआधीच त्याच्या खाचाखोचा माहीत असलेल्या बऱ्या.

आधी रस्ता बघा

पुणे-सातारा महामार्गावरून कापूरहोळला वळलात की भोरचा रस्ता लागतो. त्याआधी चेलाडी फाट्याला वळलात, तर नसरापूर, मार्गासनी करत तुम्ही वेल्ह्याला पोचता. आता त्या तालुक्याला राजगड म्हणायचं, पण फाट्यावर उभं राहून विचाराल तर लोक अजून वेल्हेच म्हणतात. महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगाने आलेला ड्रायव्हर फाट्यावर वळतो, तेव्हा रस्ता बदलतो, पण त्याच्या डोळ्यांना झालेली वेगाची सवय लगेच उतरत नाही. साठचा वेग त्याला चाळीससारखा वाटतो. रस्त्याच्या कडेला काय असतं? जुनी झाडं, खोडाला गेरू आणि चुन्याचे पट्टे मारलेली. लायटीचे डांब. मोऱ्यांचे दगडी कठडे. दिशादर्शक फलकांचे पाय. आणि साइडपट्टी संपली की लगेच भातखाचर नाहीतर ओढा.

हे सगळं अभियंत्यांच्या भाषेत 'अरुंद स्थिर अडथळा' या एका नावाखाली जातं. पहिली गडबड इथेच आहे. सरकारी अपघात अहवालांतही झाड, खांब आणि कठडा 'स्थिर वस्तूला धडक' अशा एकाच रकान्यात जाऊन बसतात. वडाचं खोड, आय आकाराचा लोखंडी डांब आणि सिमेंटचा खांब यांत तुमच्या गाडीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. खोड हलत नाही. लोखंडी डांब वाकतो, पण किती वाकेल ते त्याच्या बुडाशी काँक्रीट आहे की नुसता मुरूम यावर ठरतं. सिमेंटचा खांब तुटू शकतो, आणि तुटला तर वरच्या तारा घेऊन खाली येऊ शकतो. रकाना एक, गोष्टी तीन. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाचणी काय विचारते?

भारत एनकॅपची घोषणा २२ ऑगस्ट २०२३ ला झाली आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू झाली. तिचं मानक एआयएस-१९७. समोरच्या धडकेत गाडी ताशी ६४ किलोमीटरने एका अडथळ्यावर नेतात. त्या अडथळ्याच्या तोंडाशी अ‍ॅल्युमिनियमचं मधाच्या पोळ्यासारखं दबणारं जाळं असतं आणि गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भागच त्यावर आदळतो. बाजूच्या धडकेत ताशी ५० किलोमीटरने चालती गाडी आदळवतात. आणि हो, खांबही आहे. पण तो बाजूने, ताशी २९ किलोमीटरने.

म्हणजे चाचणीत खांब आहे, समोरची धडक आहे, पण 'समोरून खांबावर' ही जोडी नाही. ही काही भारताचीच उणीव नाही. जगातल्या बहुतेक रेटिंगांचा सांगाडा असाच आहे. मुळात ४० टक्के धडकेची चाचणी तयार झाली ती समोरासमोर येणाऱ्या दोन साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांची नक्कल म्हणून. समोरच्या गाडीचा पत्रा दबतो, म्हणून अडथळ्याचं तोंडही दबणारं. वडाचं खोड दबत नाही.

वेगाचंही बघा. ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. हजार किलोची गाडी ताशी ६४ किलोमीटरने जात असेल, तर तिच्यात साधारण १५८ किलोज्यूल ऊर्जा असते. २९ ला फक्त ३२. जवळजवळ पाचपट फरक. आपल्याकडची सक्तीची चाचणी, म्हणजे एआयएस-०९८, ताशी ५६ ची आहे. नव्या मॉडेलांना ती ऑक्टोबर २०१७ पासून आणि सगळ्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. ५६ आणि ६४ ऐकायला जवळजवळ वाटतात, पण ऊर्जेत सुमारे ३१ टक्क्यांचं अंतर आहे. वेगाचे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका, वर्ग करून बघत जा.

तारे खोटे आहेत असा याचा अर्थ नाही. ते एका ठरावीक प्रश्नाचं खरं उत्तर आहे. चूक होते ती आपण ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवतो तेव्हा. शिवाय भारत एनकॅप ऐच्छिक आहे आणि साडेतीन टनांच्या आतल्या प्रवासी गाड्यांपुरतीच आहे. भाजी नेणारा पिकअप, दुचाकी, आणि दहा वर्षांपूर्वीची जीप जी वडाप म्हणून अजून धावते, ही सगळी ताऱ्यांच्या बाहेरची. २०२२ च्या देशभरच्या आकडेवारीत १,६८,४९१ लोक रस्त्यावर मेले, आणि त्यांत दुचाकीवाल्यांचा वाटा सगळ्यांत मोठा, ४४ टक्क्यांच्या आसपास होता. दुचाकीला कसले तारे?

समोरून खांब: गाडीत नेमकं काय होतं?

बॉनेट उघडून बघा. दोन्ही बाजूंना पुढून मागे जाणाऱ्या दोन मजबूत पेट्या असतात. त्यांना साइड मेंबर म्हणतात. समोरच्या धडकेची बरीचशी ऊर्जा घडीघडीने दबत यांनीच खायची असते. सपाट भिंतीवर आदळलं तर दोन्ही कामाला लागतात. ४० टक्के धडकेत मुख्यतः एक लागते. पण खांब बरोबर मधोमध आला तर? तो दोघींच्या मधून आत शिरतो. वाटेत बंपरची आडवी पट्टी, रेडिएटर, मग थेट इंजिन. इंजिन दबत नाही, ते मागे सरकतं आणि फायरवॉलला, म्हणजे पायांच्या जागेपुढच्या पत्र्याला, आत ढकलतं. खांब अगदी कडेला आला, तर तो पेटीच्या बाहेरून जातो आणि चाकाला दाराच्या खांबाकडे रेटतो. दोन्ही वेळा ज्याने ऊर्जा खायची तो बाजूला राहतो.

आता एक गंमत, जिच्यात बरेच नवे विद्यार्थी अडकतात. ताशी ६० ने आलेली गाडी ६० सेंटिमीटर दबून थांबली, तर सरासरी मंदन साधारण २४ जी येतं. तीच गाडी मधोमध खांब घुसल्यामुळे १ मीटर दबून थांबली, तर १४ जी. आलेख काढला की खांबाची धडक भिंतीपेक्षा 'सौम्य' दिसते. आणि काही निबंधांत खरंच तसं वाक्य सापडतं. पण ते जास्तीचे ४० सेंटिमीटर आले कुठून? ते माणसाच्या पायांच्या जागेतून आले. मंदन कमी झालं, घुसखोरी वाढली. भरीला सुरुवातीचे काही क्षण मऊ पुढचा भागच दबत असतो, त्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरला धडक उशिरा कळण्याचा धोका असतो. बॅग फुगेपर्यंत डोकं पुढे गेलेलं असेल, तर ती बॅग मदत करण्याऐवजी मारते. एकाच आकड्यावरून 'सौम्य' किंवा 'तीव्र' ठरवणारा निबंध दिसला की सावध व्हा.

आता शोधनिबंधांकडे

या विषयावर सिम्युलेशनचे निबंध खूप आहेत, आणि त्यांचा एक साचा आहे. परदेशी विद्यापीठाने फुकट उपलब्ध करून दिलेलं गाडीचं मॉडेल घ्यायचं, बहुतेक वेळा डॉज निऑन किंवा २०१० ची टोयोटा यारिस. समोर एक नळकांडं उभं करायचं. वेग तीन, खांबाच्या जागा तीन. ऊर्जेचे आलेख, रंगीत चित्रं, निष्कर्ष. मी या साच्याची टिंगल करत नाही. विनामूल्य मॉडेल नसतं, तर आपल्यासारख्यांना हा विषय करताच आला नसता. एक खरी धडक म्हणजे एक गाडी गेली. सिम्युलेशनमध्ये शंभर धडका होतात, आणि 'साइड मेंबर चुकला की काय होतं' हे यंत्रणेच्या पातळीवर समजावं ते याच निबंधांतून. हे श्रेय त्यांचंच. पण साच्यात चार भोकं आहेत.

पहिलं, पडताळणी. मॉडेल तपासलेलं असतं ते मुख्यतः ताशी ५६ ने सपाट भिंतीवर केलेल्या धडकेशी ताडून. मग तेच मॉडेल खांबावर नेलं जातं आणि 'पडताळलेलं मॉडेल' हे विशेषण बरोबर नेलं जातं. भिंतीच्या धडकेत बंपरची पट्टी मधोमध तुटत नाही, खांबाच्या धडकेत तुटू शकते. तुटण्याचा निकष, वेल्डचे ठिपके, इंजिनचे माउंट यांची परीक्षा भिंतीने घेतलेलीच नसते. जी परीक्षा दिली नाही, तिचं प्रमाणपत्र कसं लावायचं?

दुसरं, खांब. बहुतेक निबंधांत तो अभेद्य आणि बुडाशी घट्ट जखडलेला असतो. झाडाच्या बाबतीत हे चालून जाईल. डांबाच्या बाबतीत तो आणि त्याच्या बुडाची माती हाच खरा विषय आहे. युरोपात ईएन १२७६७ हे मानक याच गोष्टीवर उभं आहे. खांबांना ताशी ५०, ७० आणि १०० च्या वेगाने हलकी गाडी आदळवून तपासतात, आणि धडकेनंतर गाडीचा उरलेला वेग किती यावरून खांबाचे वर्ग पाडतात: ऊर्जा खूप खाणारा, थोडी खाणारा, जवळजवळ न खाणारा. म्हणजे तिथे प्रश्न 'गाडी किती सुरक्षित' असा नसून 'खांब किती क्षमाशील' असा आहे. आपल्याकडच्या निबंधांत गाडीच्या पत्र्याची जाडी पाव मिलिमीटरने बदलून बघतात, आणि खांबाला हातही लावत नाहीत.

तिसरं, माणूस. गाडीच्या सीटखालच्या एका बिंदूचं मंदन म्हणजे माणसाची दुखापत नव्हे. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकून सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी आणि नावाजलेली होती. पुढच्या दोघांचा जीव वाचला, मागे बसलेले दोघं गेले, आणि मागच्यांनी पट्टे लावले नव्हते असं तपासात पुढे आलं. मंदनाचा आलेख चौघांना एकच होता. निकाल वेगळा लागला. ज्या निबंधात डमी नाही, पट्टा नाही आणि मागची सीट तर नाहीच नाही, त्याने 'प्रवाशांची सुरक्षा' हे शब्द शीर्षकात घालताना दोनदा विचार करावा.

चौथं, घरगुती हिशेब. एकूण ऊर्जा कायम राहिली का? अवरग्लास ऊर्जा किती? मेश बारीक केल्यावर उत्तर तेच राहिलं का? टाइम स्टेप वाढवायला किती कृत्रिम वस्तुमान घातलं? हे चार आकडे निबंधात नसतील, तर रंगीत चित्रं कितीही सुंदर असोत, तुम्ही अंदाज वाचताय असं समजा. समीक्षक म्हणून तुमचं पहिलं काम हे चार आकडे शोधणं.

निष्कर्षाची उडी

पण मला खरा आक्षेप आहे तो शेवटच्या परिच्छेदावर. सात पानं पत्रा, जाळी आणि ऊर्जा यांवर असतात. आठव्या पानावर एकदम वाक्य येतं: म्हणून रस्त्यालगतची झाडं आणि खांब हटवावेत. ही उडी कशी मारली?

रस्त्यालगतच्या धडकेने माणूस मरतो, तेव्हा किमान चार गोष्टी एकापाठोपाठ घडलेल्या असतात. गाडीने रस्ता सोडला. सोडल्यावर वाटेत काहीतरी आलं. धडक विशिष्ट वेगाने आणि विशिष्ट जागी झाली. आणि त्या धडकेत शरीराला जी दुखापत झाली, ती वेळेत उपचार मिळून भरून आली नाही. सिम्युलेशन यातल्या फक्त तिसऱ्या पायरीबद्दल बोलतं. म्हणजे 'धडक झालीच, तर पुढे काय'. ती होण्याची शक्यता किती, हे त्याने कधी मोजलेलंच नसतं. एका पायरीचा अभ्यास करून चारही पायऱ्यांचा निकाल द्यायचा, याला संशोधन कसं म्हणायचं?

भोरच्या रस्त्यावर ही उडी महाग पडते. वड काढला, तर त्या जागी काय उरतं? बऱ्याच ठिकाणी त्याच्यामागे ओढा किंवा खोल खाचर आहे. भोरहून महाडकडे जाताना वरंधा घाटात तर कडेला दरी आहे, आणि तिथे गाडी झाडाला अडकणं हेच कधीकधी वाचणं असतं. शिवाय रस्ता रुंद आणि मोकळा झाला की वेग वाढतो, आणि वेगाचा वर्ग होतो हे आपण वर पाहिलंच. दुसऱ्या बाजूने, 'झाडं पवित्र, त्यांना हात लावू नका' एवढं म्हणून थांबणंही पुरेसं नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला, डांबराच्या काठापासून हातभर अंतरावर उभं असलेलं जाडजूड खोड खरंच माणसं मारू शकतं. तिथे गार्डरेल लावा, असं सुचवणं सोपं. पण आपल्याकडची नेहमीची पन्हाळी पत्र्याची रेल धडकेत साधारण १ मीटर किंवा जास्त मागे झुकते. झाड हातभरावर असेल, तर रेल झुकून झाडालाच टेकणार. मग वेग कमी करणं, वळण आधीच डोळ्यांत भरेल असे परावर्तक लावणं, आणि डांब गटाराच्या पलीकडे नेणं हे उपाय उरतात. डांब हलवता येतो. शंभर वर्षांचा वड हलवता येत नाही. म्हणून त्यांना एकाच रकान्यात टाकू नका, असं मी सुरुवातीला म्हटलं.

बरोबर उलट्या दिशेने गेलेलं काम

चांगलं उदाहरणही बघू. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या संस्थेने आधी खरे अपघात काढले. ज्या गाड्यांना समोरच्या धडकेत उत्तम शेरा होता, त्यांतही माणसं का मरतायत, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांना दिसलं की बऱ्याच धडका गाडीच्या अगदी कोपऱ्यावर होत्या, समोर दुसरी गाडी, झाड किंवा खांब. मग २०१२ मध्ये त्यांनी चाचणी बनवली: ताशी ६४ किलोमीटर, रुंदीच्या फक्त २५ टक्के भागावर, आणि न दबणारा अडथळा. सुरुवातीला नावाजलेल्या गाड्याही नापास झाल्या. मग कंपन्यांनी सांगाडे सुधारले.

गोष्ट इथे संपत नाही. चाचणी ड्रायव्हरच्या बाजूने होती. २०१६ मध्ये त्याच संस्थेने ड्रायव्हरच्या बाजूला उत्तम शेरा मिळालेल्या सात छोट्या एसयूव्ही शेजारच्या प्रवाशाच्या बाजूने आदळवल्या, तेव्हा उत्तम शेरा फक्त एकीला मिळाला. परीक्षेला जेवढं येतं तेवढाच अभ्यास, हे फक्त विद्यार्थी करतात असं नाही! मग त्या बाजूचीही चाचणी सुरू झाली. या कामाची दिशा बघा: रस्त्यावरून प्रयोगशाळेत, आणि पुन्हा तपासायला रस्त्यावर. आपल्या साच्यातले निबंध संगणकातून निघतात आणि थेट धोरणावर उतरतात. मधला रस्ता लागतच नाही.

मग तुम्ही काय करायचं?

विषय सोडू नका. फक्त प्रश्न लहान आणि टोकदार करा. भोर-वेल्ह्यासाठी असा एक प्रश्न मी सुचवतो: कापूरहोळ ते भोर या पट्ट्यात डांबराच्या काठापासून २ मीटरच्या आत किती खोडं, किती डांब आणि किती कठडे आहेत, आणि त्यांतले किती वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहेत? याला सॉफ्टवेअरचा परवाना लागत नाही. टेप, चुना, वही आणि दोन मित्र लागतात. खोडावर, डांबावर जुने ओरखडे असतील, तर तेही नोंदवा. पंचनाम्यात न आलेल्या धडका तिथे लिहिलेल्या असतात. मग पोलीस नोंदी आणि ईडारच्या माहितीशी ते ताडून बघा. मग एका रडारगनने खरे वेग मोजा, दिवसा आणि रात्री. हे सगळं हातात आल्यावर सिम्युलेशनला बसा, आणि खांबाची जागा, जाडी आणि वेग तुमच्या वहीतून घ्या, आधीच्या निबंधातून नव्हे. तुमच्या मॉडेलमध्ये आय आकाराचा डांब मुरमात रोवलेला असेल, तर या विषयात तुमचं काम लगेच उठून दिसेल.

आणि निष्कर्ष लिहिताना प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा: हे माझ्या चारपैकी कोणत्या पायरीवरून येतंय? ज्या वाक्याला उत्तर नाही, ते खोडा. तुमचे गाईड म्हणतील निष्कर्ष छोटा झाला. होऊ दे. त्या छोट्या निष्कर्षाच्या जोरावर उद्या कुणी बांधकाम खात्यात जाऊन 'हे अकरा डांब हलवा आणि या तीन वळणांवर वेग कमी करा' असं म्हणू शकेल. 'झाडं हटवा' या मोठ्या निष्कर्षाच्या जोरावर मात्र फक्त करवत येते.